पानांतील तोतये

वस्तु ओळखण्याचा मार्ग आपल्या न्यायशास्त्रानें तीन पायऱ्यांत सांगितला आहे : उद्देश, लक्षण आणि परीक्षा. उद्देश म्हणजे नुसता नामनिर्देश. लक्षण म्हणजे त्या वस्तूस इतर सर्व वस्तूंपासून वेगळी काढणारी खूण. आणि परीक्षा म्हणजे ती खूण पुढ्यांतल्या वस्तूस खरोखर लागू पडते कीं नाहीं याचा तपास. व्यवहारांत आपण बहुधा पहिल्या पायरीवरच थांबतों. नांव कळलें कीं वस्तु कळली, असें आपणांस वाटूं लागतें. एरव्हीं यांत फारसें बिघडत नाहीं. परंतु स्वयंपाकघरांत आणि औषधाच्या कपाटांत ही संवय जिवावर बेतूं शकते. या महिन्यांत आमच्याकडे आलेल्या एका पत्रामुळें हा विषय निघाला आहे, म्हणून त्याचा थोडा विस्तारानें विचार करूं.

मुलीच्या बाळंतपणासाठीं इंग्लंडांत जाऊन राहिलेल्या एक वाचक भगिनी लिहितात कीं, येथून नेलेलें तमालपत्र संपलें. आपल्याकडचें सामान मिळणारें दुकान दूर. आणि घराच्या मागील अंगास पुरुषभर उंचीचें हिरवेंगार कुंपण आहे. शेजारच्या बाईंनीं त्या झाडाचें नांव 'लॉरेल' असें सांगितलें. तमालपत्र नसेल तर 'बे लॉरेल'चें पान घालावें, असें पाकशास्त्राच्या एका इंग्रजी पुस्तकांत त्यांनीं वाचलें होतें. तेव्हां या कुंपणाचीं चार पानें वाळवून मसालेभातास लावलीं तर चालेल काय, असा त्यांचा प्रश्न आहे. सोबत पानाचें छायाचित्रहि त्यांनीं फोनवरून पाठविलें आहे.

उत्तर आधीं देऊन टाकतों. कारणें मागाहून सांगूं. तें पान भांड्यांत घालूं नये. ताजें नको, वाळवूनहि नको, आणि बाळंतिणीच्या ताटांत तर नकोच नको. इंग्लंडांत घराभोंवतीं 'लॉरेल'चें म्हणून जें कुंपण सर्रास दिसतें, तें बहुधा 'चेरी लॉरेल' नांवाच्या झाडाचें असतें, आणि त्याच्या पानांत प्रखर विष आहे. स्वयंपाकाचा लॉरेल आणि हा चेरी लॉरेल यांचें नांवापलीकडे कांहीं नातें नाहीं. पहिला दालचिनी-कापराच्या कुळांतला. दुसरा गुलाब, बदाम व जर्दाळू यांच्या कुळांतला. परंतु दोघांचींहि पानें जाड, चकचकीत, गर्द हिरवीं व बारमास झाडावर टिकणारीं; आणि दोघांसहि लोक 'लॉरेल'च म्हणतात. इतिहासांत तोतये होऊन गेले, त्यांनीं सोंग तरी आपण होऊन घेतलें होतें. या बिचाऱ्या झाडावर तें लोकांनीं चढविलें आहे.

हें कसें घडलें, तें पाहण्यासाठीं उद्देशापासून, म्हणजे नांवापासून, आरंभ करूं.

मूळचा लॉरेल भूमध्य समुद्राच्या आसपासच्या देशांतला. ग्रीक लोक त्यास 'डॅफ्नी' म्हणत व रोमन लोक 'लॉरस'. डॅफ्नी नांवाच्या वनदेवतेच्या मागें अपोलो देव लागला असतां तिनें आपल्या पित्याचा धांवा केला आणि ती झाड होऊन गेली. तेव्हांपासून अपोलोनें त्या झाडाचीं पानें मस्तकीं धारण केलीं, अशी कथा रोमन कवि ओव्हिड यानें सांगितली आहे. डेल्फी येथें अपोलोच्या उत्सवांत पायथियन खेळ होत. त्यांतील विजयी वीरास याच पानांचा मुगुट मिळे. त्यावरून सन्मान पावलेल्या पुरुषास 'लॉरिएट' म्हणण्याची चाल पडली. इंग्लंडच्या राजानें इ. स. १६६८ मध्यें ड्रायडन कवीस 'पोएट लॉरिएट' नेमिलें तें याच अर्थानें, आणि नोबेल पारितोषिक मिळविणारांस आजहि हेंच विशेषण लावण्यांत येतें. पुढें लिनीयस या स्वीडिश पंडितानें इ. स. १७५३ मध्यें वनस्पतींचीं शास्त्रीय नांवें ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलीं, त्यांत या झाडास 'लॉरस नोबिलिस' हें नांव मिळालें. नोबिलिस म्हणजे थोर, कुलीन.

थोरामोठ्यांचें आडनांव ज्याला त्याला चिकटवावें, तसें युरोपीय लोकांनीं हें नांव जाड व चकचकीत पानांच्या दिसेल त्या झाडास चिकटविलें. यांत त्यांना हंसण्याचें कारण नाहीं. आपण 'चाफा' या नांवाचें काय केलें? सोनचाफा, पांढरा चाफा, हिरवा चाफा, नागचाफा या चौघांचीं कुळें चार आहेत. फुलाचा सुवास आवडला, कीं आपण त्यास चाफा म्हणून मोकळे झालों. निंबाचीहि तीच गत. पानें कडुनिंबासारखीं दिसतात एवढ्यावरून कढीनिंबास निंब म्हटलें. वस्तुतः तो लिंबू-संत्र्याच्या कुळांतला. असें असूनहि कढीस फोडणी देतांना कोणी गृहिणी कडुनिंबाचा डहाळा खुडीत नाहीं, कारण दोन्ही झाडें तिला लहानपणापासून ठाऊक असतात. परक्या मुलुखांत हें लहानपणचें ज्ञान पाठीशीं नसतें. नांव तेवढें कानीं पडतें. धोका येथें आहे.

फ्रेंच लोकांनीं या बाबतींत थोडी दक्षता दाखविली आहे. स्वयंपाकाच्या झाडास ते 'लोरिए-सोस' म्हणतात, म्हणजे कालवणाचा लॉरेल. 'लोरिए-सेरीझ' म्हणजे चेरीचा लॉरेल. तोच हा इंग्रजी कुंपणाचा. आणि 'लोरिए-रोझ' म्हणजे गुलाबी लॉरेल. हा तिसरा कोण म्हणाल, तर आपल्या अंगणांतली कण्हेर! युरोपच्या दक्षिण भागांत ती रस्तोरस्तीं लावलेली असते, आणि तिचें सुटें पान अनोळखी माणसास लॉरेलच्या अरुंद पानासारखें भासूं शकतें. कण्हेरीचे गुण आपल्या पूर्वजांस चांगले माहीत होते. संस्कृत कोशांत करवीराचें एक नांव 'हयमारक', म्हणजे घोड्यास मारणारा, असें दिलेलें आहे. तिचें विष थेट हृदयाच्या गतीवर आघात करतें, आणि वाळविल्यानें वा उकळल्यानें तें नाहींसें होत नाहीं.

अमेरिकेंत या नांवाचा पसारा आणखी वाढला आहे. तेथील पूर्वेकडच्या डोंगरांत 'माउंटन लॉरेल' होतो. त्याचीं फुलें इतकीं देखणीं कीं, कनेक्टिकट व पेन्सिल्व्हेनिया या दोन संस्थानांनीं त्यांस आपलें राज्यपुष्प मानिलें आहे. परंतु पानें व फुलें विषारी, आणि त्या फुलांचा मधहि विषारी. पश्चिमेस 'कॅलिफोर्निया बे' नांवाचा वृक्ष आहे. हा मात्र खऱ्या लॉरेलचा चुलतभाऊ शोभतो आणि त्याचें पान खाण्यांतहि वापरतात. पण वास इतका उग्र कीं चुरगळून हुंगणाऱ्याचें डोकें दुखूं लागतें. तिकडचे लोक त्यास 'डोकेंदुखीचें झाड' असेंच म्हणतात. सारांश, एका 'लॉरेल' शब्दाखालीं एक मसाला, एक उग्र भाऊबंद आणि तीन विषें नांदत आहेत.

या विषांपैकीं चेरी लॉरेलचा इतिहास मुद्दाम सांगण्यासारखा आहे. हें झाड मूळचें काळ्या समुद्राच्या काठचें. इ. स. १५७६ मध्यें तें कॉन्स्टँटिनोपलहून व्हिएन्ना येथें क्लूसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे पोंचलें व तेथून हळूहळू पश्चिम युरोपांत पसरलें. त्याचें पान चुरगळलें असतां कडू बदामासारखा वास येतो. हा वास अप्रिय नाहीं, आणि घात तेथेंच झाला. अठराव्या शतकांत इंग्लंड-आयर्लंडांतील आचारी दुधाच्या पक्वान्नांस बदामाचा स्वाद यावा म्हणून हें पान घालीत. पानांचा अर्क काढून तोहि मद्यांत व गोड पदार्थांत मिसळीत. दुधांत बुडवून काढलेल्या एखाद्या पानानें सहसा कोणी मरत नसे, त्यामुळें तें निरुपद्रवी आहे अशी समजूत दृढ झाली. इ. स. १७२८ मध्यें डब्लिन शहरांत हा अर्क प्याल्यानें दोन स्त्रिया दगावल्या, तेव्हां कोठें जाणत्यांचे डोळे उघडले. थॉमस मॅडन नांवाच्या वैद्यानें ती हकीगत लंडनच्या रॉयल सोसायटीस कळविली.

तरी सामान्य घरांपर्यंत हें ज्ञान पोंचलें नाहीं. पुढें अर्धशतकानें इंग्लंडच्या वॉरिकशायर परगण्यांत एक प्रसिद्ध खटला झाला. लॉफर्ड हॉल नांवाच्या वाड्यांत सर थिओडोसियस बाउटन हा वीस वर्षांचा तरुण आपल्या आईसह राहत असे. वयांत आल्यावर वडिलोपार्जित मिळकत त्याच्या हातीं येणार होती. ता. ३० ऑगस्ट १७८० रोजीं सकाळीं औषधविक्याकडून आलेलें रेचक त्याच्या आईनें स्वहस्तें त्याला पाजलें. औषधास कडू बदामासारखा वास येतो, हें त्या वेळीं तिच्या ध्यानांत आलें होतें. थोड्याच वेळांत त्यास झटके येऊं लागले व तो गतप्राण झाला. त्याचा मेहुणा कॅप्टन जॉन डॉनेलन यानें ती बाटली तत्काळ धुऊन टाकली होती, आणि अर्क काढण्याचें यंत्रहि त्याच्यापाशीं निघालें. औषधाच्या जागीं लॉरेलचा अर्क भरल्याचा आरोप त्याच्यावर आला. जॉन हंटर या विख्यात शस्त्रवैद्यानें साक्षींत सांगितलें कीं, मृत्यु विषानेंच आला असें खात्रीनें म्हणतां येत नाहीं. परंतु पंचांनीं डॉनेलनला दोषी ठरविलें आणि ता. २ एप्रिल १७८१ रोजीं त्यास फांशीं दिलें. तो खरोखर अपराधी होता किंवा नाहीं, याविषयीं लिहिणारांचें अजून एकमत नाहीं.

अपराधाचा निर्णय आम्ही करूं शकत नाहीं. आमच्या विषयाशीं संबंध येतो तो निराळ्या गोष्टीचा. ज्या विषावरून हा खटला उभा राहिला, तें वेगळें काढून दाखविण्याची विद्याच त्या वेळीं कोणापाशीं नव्हती. शेले या रसायनशास्त्रज्ञानें 'प्रुसिक ॲसिड' प्रथम तयार केलें तें त्यानंतरच्या वर्षीं, १७८२ मध्यें. मातेच्या नाकास खूण बरोबर पटली होती. त्या खुणेचा अर्थ मात्र तिला कोणी शिकविला नव्हता.

आज तो अर्थ शाळेंतल्या मुलासहि सांगतां येतो. चेरी लॉरेलच्या अखंड पानांत विष तयार स्थितींत नसतें. तें ज्यापासून होतें तो पदार्थ एका जागीं आणि त्याचें विघटन करणारें द्रव्य दुसऱ्या जागीं, अशी निसर्गानें व्यवस्था केलेली आहे. पान चावलें, ठेंचलें किंवा चुरगळलें कीं दोन्ही एकत्र येतात. त्यांतून प्रुसिक ॲसिड सुटतें आणि त्याजबरोबर बदामाच्या वासाचा पदार्थहि सुटतो. वास हा त्या विषाचा सोबती आहे. तुर्कस्तानच्या काळ्या समुद्राकांठच्या प्रांतांत या झाडाच्या पिकल्या फळांचा गर लोक खातात, हें खरें. परंतु बी आणि पान तेथेंहि कोणी खात नाहीं. एका झाडाचें फळ चालतें म्हणून पान चालेल, हा तर्क बरोबर नाहीं.

आतां लक्षणाकडे वळूं. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहावर ज्यांनीं चार दिवस घालविले असतील, त्यांना गाईचा दृष्टांत आठवेल. 'जिला शिंगें आहेत ती गाय' असें लक्षण केलें तर म्हैसहि गाय ठरते, ही अतिव्याप्ति. 'जी तांबडी ती गाय' म्हटलें तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ति. आणि 'जिचा खूर अखंड ती गाय' म्हटलें तर एकहि गाय सांपडत नाहीं, हा असंभव. गळ्याखालची पोळी हें गाईचें खरें लक्षण, कारण तें सर्व गाईंस लागू पडतें आणि इतर कोणास लागू पडत नाहीं, असें शास्त्रकार म्हणतात.

आपल्या पानास हीच कसोटी लावून पाहूं. 'जाड, चकचकीत, सदा हिरवें पान' हें लक्षण उघडच अतिव्याप्त आहे. त्यांत चेरी लॉरेल, कण्हेर आणि माउंटन लॉरेल हे सर्व येतात. 'लांबट टोंकदार पान' याचेंहि तेंच. 'ज्याला वास येतो तें' असें म्हणावें, तर कापराचें झाड आणि कॅलिफोर्निया बे आंत शिरतात. आणि बदामाचा वास ज्याला आवडतो तो चेरी लॉरेललाहि आंत घेतो. उलट 'ज्याला घमघमीत वास येतो तेंच' असें म्हटलें, तर बरणींत वर्षभर पडून निर्गंध झालेलें खरें पान बाहेर राहतें. म्हणजे गाईच्या पोळीसारखी एकटी एक खूण येथें हातीं लागत नाहीं. चार-पांच खुणा एकत्र जुळाव्या लागतात, आणि त्या सर्व जुळल्या तरच पान खरें मानावें लागतें.

त्या खुणा परीक्षेच्या क्रमानें देतों.

पहिली परीक्षा मांडणीची. पान खुडण्यापूर्वीं फांदी पाहावी. खऱ्या लॉरेलच्या फांदीवर एका पेऱ्यास एकच पान असतें. एक या अंगास, पुढचें त्या अंगास. कण्हेरीच्या फांदीवर बहुधा एकाच पेऱ्यापासून तीन पानें निघतात. तीन दिसलीं कीं तेथेंच थांबावें. माउंटन लॉरेलचीं पानें फांदीच्या शेंड्याशीं गर्दी करून असतात.

दुसरी परीक्षा कडेची. पानाच्या कडेवरून बोट हळूच फिरवावें. खऱ्या लॉरेलची कड किंचित् लाटेसारखी वर-खालीं होते, पण तिला दांते नसतात. चेरी लॉरेलच्या कडेस दूरदूर अंतरावर लहान बोथट दांते असतात. कांहीं लागवडींत ते इतके पुसट असतात कीं डोळ्यांस दिसत नाहींत. म्हणून बोटाचा विश्वास धरावा, आणि एकाच पानावर न थांबतां पांच-सहा पानें तपासावीं. खरें पान बहुधा तीन-चार इंच लांब असतें. चेरी लॉरेलचें पुष्कळदां पांच-सहा इंच किंवा त्याहूनहि मोठें भरतें. लांबीवर मात्र निर्णय करूं नये, कारण कोंवळें पान लहान असणारच.

तिसरी परीक्षा शिरांची. पान उजेडासमोर धरावें. खऱ्या लॉरेलला मधून एकच मुख्य शीर असते, आणि तिच्यापासून दोन्ही अंगांस पिसाप्रमाणें उपशिरा फुटतात. कण्हेरीच्या उपशिरा अत्यंत बारीक, दाट आणि एकमेकींस समांतर असून मधल्या शिरेशीं जवळजवळ काटकोन करून कडेपर्यंत जातात. वहीवर मुलानें रेघा आंखाव्या तशा. बुंध्याशींच तीन शिरा फुटून टोंकाकडे धांवत असतील, तर तें पान दालचिनीच्या जातीचें. त्याविषयीं पुढें सांगूं.

चौथी परीक्षा पाठीची. पान उलटें करून देंठाजवळचा भाग पाहावा. चेरी लॉरेलच्या पानाच्या पाठीवर, देंठापासून थोड्याच अंतरावर, मधल्या शिरेच्या बाजूंस लहान ठिपक्यांसारख्या ग्रंथी असतात. खऱ्या लॉरेलला अशा ग्रंथी त्या जागीं नसतात. ही खूण सर्वांत उपयोगी पडते, आणि नेमकी हीच कोणी पाहत नाहीं.

पांचवी परीक्षा वासाची, आणि ती शेवटींच करावी. पहिल्या चारहि जुळल्या असतील, तरच पानाचा नखाएवढा तुकडा मोकळ्या हवेंत मोडून दुरून वास घ्यावा. खऱ्या पानाचा वास मसाल्याचा, निलगिरीची आठवण देणारा आणि किंचित् लवंगेकडे झुकणारा असतो. बदामाचा वास आला तर तुकडा टाकून हात धुवावे. गवतासारखा वास आला, किंवा मुळींच आला नाहीं, तरीहि टाकावें. चव घेऊन पाहण्याची परीक्षा कोणी करूं नये. ती परीक्षा नसून भोजनच होय.

वास सोपा असतां तो शेवटीं कां ठेवावा, असें कोणी विचारील. कारण हेंच कीं नाक लवकर फसतें. एक सुवासिक पान चुरगळल्यावर त्याच बोटांनीं दुसरें चुरगळलें, तर दुसऱ्यासहि पहिल्याचा वास येतो. शिवाय चेरी लॉरेलचीं मूठभर पानें बंद खोलींत चुरगळणें हेंच मुळीं बरें नव्हे. युरोपांत फुलपाखरें जमविणारे लोक हीं पानें ठेंचून बरणींत घालीत व किडे मारण्यासाठीं ती बरणी वापरीत, एवढें सांगितलें म्हणजे पुरे.

आम्हीं पत्रलेखिका भगिनींस दुसरी व चौथी या दोनच परीक्षा करून कळविण्यास सांगितलें. उत्तर आलें कीं कडेस अंतराअंतरावर दांते बोटास लागतात, आणि पाठीवर देंठाजवळ दोन तपकिरी ठिपके स्पष्ट आहेत. निकाल लागला. आधीं आलेल्या छायाचित्रांत यांपैकीं एकहि खूण नव्हती; तें पानाच्या पुढच्या बाजूचें होतें, आणि पुढची बाजू तर सर्वच लॉरेलांची सारखी. छायाचित्रावरून झाडाचें नांव सांगणारीं साधनें आतां फोनांत आलीं आहेत, तीं कुतूहलापुरतीं चांगलीं. परंतु ज्या साधनास पान उलटून पाहतां येत नाहीं आणि कडेवरून बोट फिरवितां येत नाहीं, त्याच्या भरंवशावर भांडें चुलीवर चढवूं नये.

राहिलें आपलें तमालपत्र. इंग्रजींत यासहि 'इंडियन बे लीफ' म्हणतात, आणि त्या एका नांवामुळें वरील सर्व घोटाळ्यास आपल्या स्वयंपाकघरांत वाट मिळाली. वस्तुतः हें बे लॉरेलचें पान नव्हे. दालचिनीच्या जातीचा एक वृक्ष हिमालयाच्या खालच्या डोंगरांपासून मेघालयापर्यंत होतो, त्याचें हें पान. आयुर्वेदांत यास 'पत्र' किंवा 'पत्रक' म्हणतात. दालचिनी, वेलची आणि हें पत्र मिळून त्रिजात, व त्यांत नागकेशर घातलें कीं चातुर्जात, हें आपल्या घरांतील वडील माणसांस सांगावयास नको.

आपल्या या शब्दानेंहि थोडा संसार केलेला आहे. गीतगोविंदाच्या पहिल्याच श्लोकांत ज्या तमालांनीं वनभूमि सांवळी झाली आहे, ते तमाल म्हणजे हे मसाल्याचे वृक्ष नव्हेत. तो गर्द काळसर पानांचा निराळा वृक्ष, असें बहुतेक जाणते मानतात. अमरकोशांत पाहावें, तर 'तमालपत्र' हा शब्द कपाळावरील तिलकाच्या पर्यायांत आढळतो. म्हणजे काव्य वाचणारा, कोश उघडणारा आणि फोडणी देणारी, या तिघांचें तमालपत्र तीन प्रकारचें. तोच शब्द व्यापाऱ्यांबरोबर पश्चिमेसहि गेला. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथांत हिंदुस्थानांतून जाणाऱ्या मालांत 'मॅलाबाथ्रम' नांवाच्या पानाचा उल्लेख आहे. तो शब्द आपल्या तमालपत्रावरूनच निघाला, आणि आरंभींचा 'त' हा आपल्या भाषेंतील उपपद असावा असें समजून ग्रीकांनीं तो गाळला, असें भाषाशास्त्रज्ञ म्हणतात. नांवें प्रवासांत अशीं झिजतात. म्हणून त्यांच्यावर किती भार टाकावा याचा विचार हवा.

तमालपत्राची खूण सोपी आहे. बुंध्याजवळून तीन शिरा निघून उभ्याच्या उभ्या टोंकाकडे जातात. कोंकणांत ज्यांच्या आवारांत दालचिनीचें झाड आहे, त्यांनीं त्याचें पान पाहावें. त्यांतहि हीच ठेवण दिसेल, आणि तमालपत्राच्या जागीं तें कित्येक घरांत वापरतातहि. बाजारचें सुकें पान घेतांना तीन शिरा दिसल्या तर तें आपल्याकडचें, एकच मधली शीर दिसली तर तें भूमध्य समुद्राकडचें, असें समजण्यास हरकत नाहीं. तुर्कस्तानांतून त्याचा मोठा पुरवठा होतो. दोघांचा स्वाद मात्र एक नव्हे. तमालपत्र दालचिनी-लवंगेच्या बाजूचें, तर बे लॉरेल निलगिरीच्या बाजूचें. मसालेभातांत पहिल्याच्या जागीं दुसरें घालावयाचें झाल्यास आधीं अर्धेंच पान घालून पाहावें. आणि दोन्ही पानें वाढण्यापूर्वीं काढून टाकावीं. तीं विषारी आहेत म्हणून नव्हे. शिजूनहि तीं ताठच राहतात आणि घशांत किंवा पुढें आंतड्यांत टोंचण्याचें भय असतें. लहान मुलांच्या ताटाकडे या बाबतींत विशेष लक्ष द्यावें.

चुकून अनोळखी पान पोटांत गेलेंच, तर घरगुती उपायांत वेळ न दवडतां ताबडतोब दवाखाना गांठावा आणि त्या झाडाची फांदी पानांसह बरोबर न्यावी. डॉक्टरांस नांव सांगण्यापेक्षां फांदी दाखविणें अधिक उपयोगाचें.

परदेशीं राहणाऱ्या आपल्या मुलामुलींना खरें झाड लावावयाची हौस असेल, तर तें विकत आणतांना चिठ्ठीवर 'लॉरस नोबिलिस' हे दोन शब्द पाहूनच घ्यावें. कुंडींत तें चांगलें राहतें. चिठ्ठी फेंकून न देतां कुंडीस बांधून ठेवावी. घर बदललें, माणसें बदललीं, तरी झाडाची ओळख राहील. येथें ज्यांच्या अंगणांत कण्हेर आहे, त्यांनीं तिचीं फुलें देवास अवश्य वाहावीं. पण मुलांना ती ओळखावयास शिकवावें, आणि तिच्या काड्या चुलींत किंवा भांड्यांत जाऊं देऊं नयेत. आणि ज्या दिवशीं मसाल्याच्या डब्यांत तमालपत्र नसेल, त्या दिवशीं कुंपणाकडे न पाहतां दोन लवंगा व दालचिनीचा तुकडा घालून भात करावा. तीं नसलीं तरी भात अडत नाहीं.